‘पडून’ कप्प्यातली नऊ पत्रं

२ नोव्हेंबर, रविवार

कडकट्ट. कट्ट. कडकट्ट-कट्ट.

सकाळी या आवाजाने जाग आली. डोळे मिटूनच कान लावला. तारयंत्राच्या मागे आम्ही तंबाखूचा रिकामा डबा ठेवत असू, आवाज मोठा व्हावा म्हणून. अगदी तोच आवाज. क्षणभर वाटलं, सावनेरहून तार येते आहे आणि माझ्या हातात पेन्सिल नाही. उठून पाहिलं तर माझी बायको मालती अडकित्त्याने सुपारी कातरत होती.

तारघर सुटून एकोणीस वर्षं झाली. कान काही निवृत्त होत नाहीत.

नोव्हेंबर लागला. पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. दरवर्षी या दिवसांत आमच्या व्हरांड्यात चपलांची रांग लागते. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या एकूण एक म्हाताऱ्यांची ईमेलची खाती मीच उघडून दिलेली. सगळ्यांचे परवलीचे शब्द माझ्या निळ्या वहीत, आणि सगळ्यांच्या खात्यावर फोन नंबर माझाच. कोणाला आत शिरायचं तर सहा आकडे माझ्या फोनवर येणार. अकरा-बारा वर्षं हे असंच चाललं आहे. कोणाला गैर वाटलं नाही. मला तर अभिमानच.

आज मंडळाची बैठक झाली. सुलभाताई (चिटणीस. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण झाल्या असं वाटत नाही) सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तारबाबू, वाईट वाटून घेऊ नका, पण उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर डझनभर माणसं आपापल्या घराबाहेर उभी राहतील.”

माझा जुना दोस्त तुळशीराम मागून ओरडला, “म्हंजे तारबाबू गेला तं आमचं टपाल बी त्याच्या संगंच वरतं जाईन का?”

सगळे हसले. मीही हसलो. ठरलं ते असं: दर रविवारी आणि बुधवारी वाचनालयाच्या खोलीत वर्ग. विषय: आपलं खातं आपण उघडा, अडलं तर आपणच सोडवा. शिकवणार अर्थात मी.

तु.ने पहिलं नाव दिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

वर्गाची तयारी. दुपारभर वहीत टिपणं काढली आणि ती रटाळ झाली. मग सावनेरच्या शाळेतले गुरुजी आठवले. पाढे असोत की नद्यांची नावं, ते सगळं चालीवर म्हणून घ्यायचे. खिडकीतून उन्हाची तिरीप फळ्यावर यायची, चाळीस पोरं एका सुरात डुलायची. त्यातलं नद्यांचं विसरलो, चाल राहिली. त्या चालीवर चार ओळी जुळवल्या:

आधी पाहू जोडणी, मग पाहू नाव,
मग पाहू अक्षरांचा लहान-मोठा भाव;
चुकलं तर पुन्हापुन्हा ठोकू नये दार,
पाणी पिऊन यावे जरा, मग एकच वार.

मा.ला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “चांगलं आहे. पण एवढं गोड गाऊन तुम्ही कोणाला झोपवणार की शिकवणार?”

तु.चं काय करायचं, ते सुचत नाही. कवितेत त्याला जागा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला वर्ग. अकरा जण. सुलभाताईंच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येकाला बंद पाकिटात त्याचा परवलीचा शब्द दिला आणि रजिस्टरवर सही घेतली. तार देतानाही अशीच सही घ्यायचो. मजा वाटली.

बोकडे (वनखात्यातले, आवाज अजून जंगलातला) पाच वेळा चुकीचा शब्द ठोकून खातं बंद करून बसले.

“म्या तं बराब्बर टाकून राह्यलो!”

“बोकडेजी, शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा पडली आहे.”

“रिकामी हाये ना? मंग तिचं काहून मनावर घेते हे?”

सुलभाताईंनी सगळ्यांकडून कविता तीनदा म्हणवून घेतली. ‘दार ठोकू नये’ला सगळ्यांनी बोकड्यांकडे पाहिलं. ‘मोठ्या अक्षराची कळ चुकून दाबून राहिली असेल तर तिचा दिवा पेटलेला दिसतो’ एवढं कळल्यावर गोडेवहिनींना आनंदाने रडू आलं. तीन वर्षं त्या समजत होत्या की संगणक त्यांच्यावर रागावलाय.

तु. आला नाही. काटोलला बहिणीकडे गेला, संत्र्याची तोड आहे. त्याची खुर्ची रिकामी पाहून माझ्या छातीतलं ओझं उतरलं, आणि ते उतरलं म्हणून दुसरं चढलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून टाकतो. वहीलाही दोन वर्षं टाळत आलोय.

तुळशीराम एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. माझा पन्नास वर्षांचा सोबती. त्याची एकुलती एक लेक वैशाली. लहानपणी आमच्या व्हरांड्यात येऊन बसायची. शाळेच्या स्पर्धेसाठी मी तिच्याकडून कविता पाठ करून घ्यायचो. खणखणीत आवाज. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जबलपूरला गेली. तु.ने फोनचा नंबर बदलला, घरही बदललं.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याला ईमेलचं खातं उघडून दिलं. तो स्वतः कधी त्यात शिरला नाही. काही आलं तर मी उघडायचो, वाचून दाखवायचो. महिन्याभरात वैशूचं पहिलं पत्र आलं. पत्ता कुठून काढला तिनं, कोण जाणे. मी वाचायला लागलो तर तो ताडकन उठला.

“तिचं काही बी आलं तं मले सांगू नोको. माह्यासाठी मेली ते.”

मी त्याची आज्ञा पाळली. यंत्राचा नवा नाद होता तेव्हा मला. एक गाळणी लावली: तिच्या पत्त्यावरून जे येईल ते समोर दिसायलाच नको, वाचलं अशी खूण होऊन परस्पर एका कप्प्यात जावं. कप्प्याला नाव दिलं ‘पडून’. तारघरात ज्या तारांचा धनी सापडत नसे, त्या अशाच एका कप्प्यात ठेवायचो. आपण किती हुशार, असं वाटलं त्या दिवशी. आणि मग विसरलो. साफ विसरलो. माझं डोकं असंच आहे, लहानपणची चाल राहते, कालची गाळणी राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी कौसल्यावहिनी, तु.ची बायको, दवाखान्यात होती. शेवटचंच दुखणं. व्हरांड्यात भिंतीला टेकून तो मला हळूच म्हणाला, “तारबाबू, घरी गेला का पाह्यजो जरा. पोरीचं काही आलं का.”

मी घरी आलो. त्याचं खातं उघडलं. समोर पाहिलं. काही नव्हतं. जाऊन सांगितलं, “नाही गा, काही नाही.”

त्यानं मान हलवली. वहिनींना जाऊन तेच सांगितलं असेल.

पाच दिवसांनी त्या गेल्या.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्याच्या खात्यात जागा उरली नाही म्हणून साफसफाई करायला बसलो, तेव्हा तो कप्पा दिसला. नऊ पत्रं.

मी दोनच उघडली. एक सगळ्यात शेवटचं, वहिनी जाण्याच्या आठ दिवस आधीचं. ‘आई दवाखान्यात आहे असं कळलं. यायचं आहे. बाबांना चालेल का? एक शब्द लिहिला तरी निघते.’ आणि त्याच्या आधीचं एक. त्यात खाली: ‘तारबाबूकाका, तुम्हीच वाचून दाखवता हे मला माहीत आहे. बाबांचा राग उतरलेला असेल अशा वेळी वाचा.’

बाकीची सात उघडायची छाती झाली नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी आमचे मोठे तारबाबू म्हणाले होते, “तार मनात ठेवायची नाही, टेबलावर तर मुळीच नाही. चांगली असो, वाईट असो, तिला पाय आहेत. तू तिचा पाय धरू नको.” अडतीस वर्षांत एक तार अडवली नाही मी.

चूक झाली ती एका दिवसाची. पण ती कळल्यावर दोन वर्षं गप्प बसलो, ते विसराळूपणात बसत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

तु. वर्गाला आला. नवं जॅकेट, केस विंचरलेले. पहिल्या बाकावर.

मी चाचरत शिकवत होतो. आत जाता येत नसेल तर एकेक कारण कसं तपासायचं ते. मध्येच तो उठला. “थांब गा. मी सांगतो याइले. गाडी सुरू नाही होऊन राह्यली तं इंजिन खोलता का पह्यले? नाही. डिझल हाये का पाहा. बॅटरी पाहा. वायर सुटली का पाहा. सस्त्यातलं पह्यले, महाग मागून. हे तसंच हाये. पह्यले नेट हाये का, मंग नाव, मंग तो शब्द. सगळं बराब्बर असंन तं मंग म्हना का मशीन बिघडली.”

बोकडे म्हणाले, “आता समजलं! हे तारबाबू उगाच गानं गाऊन राह्यले होते.”

मी जे दोन वर्गांत सांगितलं ते यानं दोन मिनिटांत. त्याची काळी पडलेली नखं, कळांवर किती हलकी पडत होती बोटं.

मग पाकीट. सही केली, फोडलं, चिठ्ठीतला शब्द जपून टाकला. चुकला. पुन्हा पाहिलं, पुन्हा टाकला. चुकला. तिसऱ्यांदा हात उचलला आणि थांबला. “नाही. दार ठोकू नये.” पाणी पिऊन आला. पुन्हा चुकला.

“असू दे,” मी म्हणालो, “जुना शब्द लिहिला गेला असेल माझ्याकडून. पाहतो घरी.”

लिहिला गेला नाही. मी लिहिला. काल संध्याकाळी, निळी वही समोर उघडी ठेवून, खोडलेला शब्द वाचून, शहाण्यासारखा उतरवून काढला.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी त्याचं खातं उघडून बसलो. कप्प्यावर बोट ठेवलं की ‘काढून टाकायचं का’ असं विचारतं. इतकं सोपं विचारतं.

नाही काढलं.

मग वाटलं, गाळणी काढावी, नऊही पत्रं समोर आणून ठेवावी. जणू तिथंच होती. पण तारखा? तारखा कुठे लपवू? त्याला तारीख वाचता येते.

यंत्र बंद केलं. मा.ने विचारलं, बरं नाही का. म्हटलं, डोळे चुरचुरतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज नंबर बदलण्याचा धडा. प्रत्येकाच्या खात्यावरून माझा नंबर काढायचा, त्याचा त्याचा घालायचा. आधी माझ्या फोनवर आकडे येणार, ते मी मोठ्याने सांगायचे, मग नवा नंबर लागला की माझ्या फोनवर शेवटचा संदेश: आपला नंबर या खात्यावरून काढला आहे.

तासभर फोन टुण टुण वाजत होता. सुलभाताई गेल्या. बोकडे गेले. गोडेवहिनी गेल्या. एकेक नाव माझ्या हातातून उतरत होतं. वर्गातून पोरं एकेक करून घरी जातात आणि मास्तर उरतो, तसं काहीसं.

मग तु. खुर्ची ओढून माझ्या शेजारी. ‘परवलीचा शब्द विसरलात?’ वर टिचकी मारली. माझ्या मांडीवर फोन थरथरला. मी पाहिलं. सहा आकडे.

“बोल गा, सांग आकडे.”

“नाही आले अजून.”

“काहून?”

“नेटवर्क नसेल.”

तो माझ्या फोनकडे पाहत होता. “आत्तापर्यंत तं देवळाच्या घंटीसारखा वाजून राह्यला होता तुहा फोन. माह्याच नंबरले रुसला का?”

सगळे हसले. तोही हसला. माझ्या खांद्यावर थापटी मारून म्हणाला, “जाऊ दे. मले का गाडी पकडाची हाये.”

दवाखान्याच्या व्हरांड्यातही मी ‘नाही’च म्हणालो होतो. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तु. घरी आला. पिशवीभर संत्री, बहिणीच्या बागेतली. सोलून फोडी माझ्या हातावर ठेवत बसला. बराच वेळ संत्र्यांबद्दलच बोलला. मग म्हणाला,

“हे शिकाचं भूत माह्या डोक्यात काहून बसलं, माहीत हाये तुले?”

“दाखल्यासाठी.”

“दाखला गेला खड्ड्यात. मले पोरीले लिहाचं हाये.”

मी फोड तोंडात धरून बसलो.

“तुह्याकून लिहून घेतलं असतं. पन बापाचं पत्र दुसऱ्याच्या हातचं नसावं. येक पत्र आलं होतं ना तिचं, पह्यल्या साली? तिचा पत्ता असंन त्याच्यात. तेवढा पाह्यजे मले.” पुढचं संत्रं सोलायला घेत, “मंग नाही लिवलं तिनं कधी. आईच्या वक्ताले बी नाही. मले लय राग होता त्याचा. आईसाठी तरी लिहावं नाही का? पन इचार केला, पोरगी चुकली तं चुकली. मी बाप हाओ. म्याच पह्यले दार ठोठावतो.”

मी म्हणायला हवं होतं. त्या क्षणी. तोंड उघडलंही. “तुळशीराम...” म्हणालो.

“हो, मालूम हाये, दार ठोकू नये,” तो हसला. “पन येकदा तं ठोकू दे.”

तो गेल्यावर मालती स्वयंपाकघराच्या दारात उभी. हात पुसत नव्हती, काही करत नव्हती.

“कुठलं पत्र म्हणत होते भाऊजी?”

सांगितलं. सगळं. पहिल्यांदा कोणाला तरी.

ती म्हणाली, “कौसल्या शेवटल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली होती, पोरीनं याद नाही केली वं माझी. मी तिची समजूत घातली, म्हटलं पोरींना सासर असतं.” आणि पुढे, “तारघरात असं केलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. इथे काय जाईल म्हणून घाबरता?”

तिला ठाऊकच आहे काय जाईल ते.

संत्री गोड आहेत. खाववत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल आणि आज त्याच्या घरापर्यंत दोनदा गेलो. काल जिन्यातून परतलो. आज तो दारातच भेटला, बँकेत निघाला होता, “चालतो का संगं?” म्हणाला. गेलो. रस्ताभर तो बोलत होता. मी हं हं केलं.

तोंडाने होणार नाही माझ्याच्याने. हाताने होईल. हात तारघरातला आहे.

संध्याकाळी लिहायला बसलो. आधी चार पानं झाली. त्यात माझा विसराळूपणा, माझं वय, माझी मनःस्थिती, सगळं होतं. फाडली. तारेत शब्द मोजून लिहावे लागत, त्यामुळे लोक खरं लिहीत. मग एवढंच लिहिलं:

‘तुझ्या ईमेल खात्यात पडून नावाचा कप्पा आहे. वैशूची नऊ पत्रं. वहिनींच्या आजारातही आलं होतं. मी पाहिलं नाही आणि नाही म्हणालो. दोन वर्षांपूर्वी कळलं. तरी बोललो नाही. मुद्दाम चुकीचा शब्द दिला, आकडे दाबले. माफ कर हे लिहायचा हक्क नाही.’

खाली खरा परवलीचा शब्द. पाकीट चिकटवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वर्ग झाल्यावर पाकीट त्याच्या हातात दिलं. रजिस्टर पुढे केलं. “मागची चिठ्ठी चुकली होती. ही बरोबर आहे. सही कर.”

“दोन-दोनदा सही? वारंट हाये का?” सही केली. वळणदार. चौथीपर्यंतचं अक्षर, पण घोटीव. पाकीट फोडायला बोट घातलं, मग खिसे चाचपले. “चश्मा घरी राह्यला. उद्या पाहतो निवांत.” छातीच्या खिशात घातलं आणि वर थापटलं.

पूर्वी तार देऊन सायकलवर टांग टाकली की मागे वळून पाहायचं नाही, असा आमच्या शिपायांचा नेम होता. आज कळलं का ते. मी वळून पाहिलं. तो बोकड्यांना गाडीची उपमा पुन्हा समजावत होता, आणि खिसा फुगलेला होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी चार वाजून दहा मिनिटं. फोन वाजला. संदेश. सहा आकडे.

लगेच त्याचा फोन.

“आकडे सांग.”

तु.चाच आवाज, पण आतून सगळं काढून घेतल्यासारखा. मी सांगितले. एकेक, सावकाश, तारेवर सांगायचो तसे. शेवटचा आकडा दोनदा सांगितला, नीट ऐकू जावा म्हणून.

फोन बंद झाला.

पाच वाजता दुसरा संदेश. आपला नंबर या खात्यावरून काढला आहे.

म्हणजे आत शिरला. सगळं नीट केलं त्यानं. कोणाच्या मदतीशिवाय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वर्गाला आला नाही. सुलभाताईंनी हजेरी घेताना माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, काम असेल.

बोकडे म्हणाले, “घरीच हाये. मी आवाज देल्ला खालून. खिडकीतून हात हलवला, पन वरतं या म्हनलं नाही. घर धुऊन राह्यला होता बाल्टीनं. पडदे बी काढले.”

घर धुतो आहे. माझा वास जावा म्हणून का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याच्या दाराशी गेलो. बेल वाजवली. आत पावलं आली, दारापर्यंत, थांबली. मी म्हटलं, “मी आहे.” पावलं परत गेली.

एकदाच वाजवली. दुसऱ्यांदा बोट उचलेना.

मा. म्हणते वेळ द्या. मी अकरा वर्षं त्याचा वेळ घेतला, आता तो देण्याघेण्याचा मी कोण.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा वर्ग. परीक्षा होती. सुलभाताईंनी प्रत्येकाच्या खात्यात मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवलं होतं: कोणाचं नेट बंद, कोणाच्या नावात अक्षर कमी, कोणाची मोठ्या अक्षराची कळ दाबलेली. सगळ्यांनी शोधून काढलं. बोकड्यांनीही. त्यांना काही सापडेना तेव्हा उठले, पाणी प्यायले, परत आले आणि सापडलं. टाळ्या.

मग सगळ्यांनी माझी कविता एका सुरात म्हटली. खिडकीतून ऊन आलं होतं, पांढरी डोकी डुलत होती. सावनेरची शाळाच. चौथी ओळ ऐकली आणि वाटलं, असं कसं लिहिलं मी. पाणी पिऊन यावे जरा. माणूस पाणी पिऊन येईपर्यंत काय काय होऊन जातं.

“आता आम्हाला तुमची गरज नाही, तारबाबू!” सुलभाताई कौतुकाने म्हणाल्या.

निळी वही घरी येऊन फाडली. एक पान उरलं, तु.चं. त्यावरचे शब्द आता कशालाच लागत नाहीत. तरी ठेवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वर्ग नाही. व्हरांड्यात चपला नाहीत. चुकून साडेदहाला कपडे करून बसलो.

दुपारी वाचनालयात गेलो. बाहेर तु. दिसला, नव्या चादरी घेऊन चालला होता. चांगल्या दोन. एकटा माणूस दोन नव्या चादरी कशाला घेईल? त्यानं मला पाहिलं. थांबला नाही, पण मान फिरवलीही नाही. तेवढ्यावर दिवस काढला.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहा. मालती सुपारी कातरत होती, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. मग कळलं, हा आवाज दाराचा आहे. कडी वाजत होती. बेल असताना आमच्याकडे कडी कोणी वाजवत नाही. पूर्वी एकच जण वाजवायची, बेलपर्यंत हात पोचायचा नाही तेव्हापासूनची सवय.

दार उघडलं. चाळिशीतली बाई, हातात प्रवासाची बॅग, केस थोडे पांढरे. हनुवटी बापाची.

“काका, ओळखलं नाही का?”

मी बाजूला झालो. तेवढंच जमलं. मालती बाहेर आली, पाहिलं, “वैशू, माय वं!” म्हणून तिला छातीशी धरलं.

ती बसली. व्हरांड्यातल्या त्याच जागी. पाणी प्यायली. मी म्हटलं, “बाबांकडे जाऊन आलीस?”

“नाही. स्टेशनवरून सीधी इथंच. बाबाइनं मेलमध्ये तसंच लिवलं.” तिनं फोन काढला. वाचून दाखवला, खणखणीत आवाजात, कविता म्हणायची तसा. चारच ओळी. ‘ये. घर धुऊन ठेवलं हाये. पन पह्यले तारबाबूकडे जाजो. तुह्ये पत्र मले काहून नाही भेटले ते तो सांगीन. त्याच्या तोंडून आईकून घे, मंग घरी ये.’

फोन खाली ठेवला. “मला काही समजलं नाही, काका. तुम्ही तर वाचून दाखवत होते ना?”

मालतीने माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. आज ती माझ्या वतीने एक शब्दही बोलणार नाही, हे तिच्या पाठीवरून कळलं.

वैशू वाट पाहत समोर बसली आहे. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. स्पर्धेला जायच्या आधी बसायची तशी.

चष्मा घेऊन येतो म्हणून मी आत आलो आणि हे लिहितो आहे. चष्मा डोळ्यांवरच आहे.